गाडी दुरुस्त होता कामा नये

यशवंत फाटकातून आत आला तेव्हा आप्पांचे नुसते पाय दिसत होते. बाकीचे आप्पा गाडीखाली होते.

"सर आहेत का घरात?" त्यानं मला विचारलं.

"हे पाय कुणाचे वाटतात?" मी म्हणाले.

बिचारा गोरामोरा झाला. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, एका हातात पेढ्यांचा पुडा आणि दुसऱ्या हातात ती कायमची चामडी बॅग. डॉक्टर यशवंत चौगुले, गडहिंग्लजच्या गुरांच्या दवाखान्यातले. शेजारच्या म्हाळूमावशींची म्हैस आजारी पडली तेव्हा तो पहिल्यांदा आमच्या गल्लीत आला आणि मग येतच राहिला. मागच्या आठवड्यात मीच त्याला सुनावलं होतं, "कुंपणावरनं बोलणं आता पुरे. ये आणि आप्पांना सरळ विचार." आणि हा शहाणा मुहूर्त काढून आला कधी, तर खंडेनवमीच्या सकाळी! दुसऱ्या दिवशी माझी सुपारी फुटायची होती, आणि ती काही ह्याच्याशी नव्हे.

थोरल्या काकांचा, म्हणजे आप्पांच्या दादांचा, निरोप परवाच आला होता. दसऱ्याला निपाणीला या, वीटभट्टीवाल्यांच्या मुलाशी इंदूचं पक्कं करून टाकू. त्या मुलाला मी एकदा बघितलं होतं. तो एक अक्षर बोलला नव्हता, नुसते काजू खात होता. काकांनी वर बजावलंही होतं, "चार पाहुण्यांत एसटीनं उतरू नका, गाडी घेऊन या." म्हणजे गाडी चालली नाही तर जाणं नाही, जाणं नाही तर सुपारी नाही. दसरा टळला की गोष्ट दिवाळीनंतर, आणि दिवाळीपर्यंत माणूस काय वाट्टेल ते करू शकतो. तेव्हा ती गाडी दुरुस्त होता कामा नये, एवढं एकच मला कळत होतं. यशवंतला ह्यातलं काही सांगायला मला सवडच मिळाली नव्हती.

"कोण आहे?" गाडीखालून आवाज आला.

"मी, डॉक्टर चौगुले."

"म्हैस शेजारी आहे."

"म्हशीसाठी नाही सर. जरा तुमच्याशी बोलायचं होतं."

"बोलायला वेळ कुठाय? तेल गळतंय, गिअरबॉक्सचं ऑईल सील बदलायचंय. शाफ्ट काल सोडवून ठेवला आणि आज बघतो तर आमच्या मंडळींनी सगळे पाने पूजेला लावलेत!"

ते मात्र खरं होतं. आमच्याकडे हत्यारांची पूजा खंडेनवमीला. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याची आरती होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. विळी नाही, कात्री नाही, आप्पांचे रंगाचे ब्रशसुद्धा नाहीत. आप्पा हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. त्या दिवशी आमच्याकडे भाजीसुद्धा चिरत नाहीत, हातानं मोडतात. एरवी आई ही पूजा अंघोळी उरकून आरामात मांडायची. त्या दिवशी काय सुचलं कुणास ठाऊक, तांबडं फुटायच्या आत तिनं पाटावर पाने, पकडी, हातोडी सगळं मांडून झेंडूखाली गाडून टाकलं होतं.

"राहू द्या हो डॉक्टर," आप्पा म्हणाले, "आता दसऱ्यानंतर बघू."

मला वाटलं, देव पावला. तोवर यशवंत शर्टाच्या बाह्या वर करत म्हणाला, "बघू का जरा?"

आणि पांढऱ्या शर्टासकट घुसला की गाडीखाली! मी मागून हात हलवले, डोळे वटारले, मान उडवून दाखवली. तो खाली जाता जाता माझ्याकडे बघून गोड हसला. आता दोन जोड्या पाय दिसायला लागले.

"सोपं आहे सर," त्याचे पाय म्हणाले. "जुनं सील ओढून काढायचं, नवं ठोकून बसवायचं, शाफ्ट परत जोडायचा. तासाभराचं काम."

"कपडे खराब होतील तुमचे," आप्पांचे पाय म्हणाले.

"होऊ देत की."

"आणि शाफ्टचा एक बोल्ट काल गटारात पडलाय. तो काही आता मिळायचा नाही. जाऊ द्या."

मला परत जरा धीर आला. अंगणाच्या कडेनं आमचं उघडं गटार वाहायचं, त्यात सगळ्या गल्लीचं पाणी. यशवंत बाहेर आला, गटाराकाठी पालथा पडला, बाही आणखी वर केली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. डोळे मिटले, मान वाकडी केली. म्हैस अडली की हा असंच करायचा.

"आहे, आहे," तो पुटपुटला. "हां. मिळाला!"

काळाकुट्ट हात वर आला, त्यात बोल्ट. आई ओट्यावरून बघत होती. तिनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "धुवा आता नळावर. साबण देते."

मी म्हटलं, इंदूबाई, आता तुमचाच उपाय चालायला पाहिजे. कारण नवं सील सापडायचं नव्हतं. ते मी सकाळीच आप्पांच्या खोक्यातून उचलून हळूच पूजेत ठेवलं होतं. हातोडीवर ठेवलं, वर हळद, वर कुंकू, वर एक टपोरा झेंडू. आई मागेच उभी होती हे मला वळल्यावर कळलं. तिनं त्या रबरी कड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, अवाक्षर काढलं नाही आणि आणखी चिमूटभर कुंकू त्यावर टाकून निघून गेली. मला वाटलं, आईला काय कळतंय, सील आहे की बांगडी.

"नवं सील कुठाय सर?"

सगळं घर धुंडाळलं गेलं. मीही हिरीरीनं धुंडाळलं, अगदी पिठाच्या डब्यातसुद्धा बघितलं. शेवटी यशवंतलाच ते दिसलं. "अरेच्चा, हे काय इथं!"

"हात लावायचा नाही!" आई कडाडली. "आता ते देवाचं झालं."

"खरं आहे," आप्पांनी झटकन हात जोडले. आमचे आप्पा एरवी देवळाला चप्पल न काढता बाहेरूनच नमस्कार करणारे. "देवाचं झालं म्हटल्यावर विषयच संपला. उद्याच्या आरतीशिवाय उचलायचं नाही."

"बरोबर आहे," यशवंत म्हणाला. "आणि कुंकू लागलंय म्हणजे तसंही ते गेलंच. सीलला आतून रबराचा ओठ असतो, तिथं एक कण अडकला तरी परत गळती. थांबा, मी दुसरं आणतो. पार्टच्या दुकानवाल्याची अडलेली गाय मीच सोडवलीय, तो नाही म्हणायचा नाही. तेल पण आणतो."

त्याची फटफटी कोपऱ्यावरून वळेपर्यंत आम्ही तिघं रस्त्याकडे बघत उभे राहिलो. आप्पांनी पेढ्यांचा पुडा उघडला, एक तोंडात टाकला आणि असा चावला, जणू कारल्याची फोड.

"हुशार आहे," ते म्हणाले.

"हं," आई म्हणाली.

मी आत जाऊन उशीत तोंड खुपसून किंचाळले.

परत आला तो सील आणि तेलाचा डबा घेऊन, कोपरापर्यंत धुळीनं माखलेला. फटफटीच्या सीटखालून त्यानं चार पाने काढले, बॅग उघडली.

"तुमच्या हत्यारांची पूजा नाही झाली अजून?" आईनं फार आशेनं विचारलं.

"आमच्याकडे दसऱ्यादिवशी असते, काकू."

आईचा चेहरा पडला. मग जनावराच्या खुरात रुतलेला खडा काढायचा जो आकडा असतो, त्यानं आमच्या गाडीचं जुनं सील बाहेर आलं. बाहेर आल्यावर त्यानं ते मला दाखवलं. ओठ पार झिजून फाटलेला होता. एवढा प्रेमानं दाखवत होता मेला, जसं काही मोगऱ्याचा गजराच आणलाय.

आप्पा हात धुवायला नळावर गेले. मी चहाचा कप घेतला, पदर खोचला आणि सरळ गाडीखाली शिरले.

"अरे खुळ्या," मी त्याच्या कानाशी म्हणाले, "ही गाडी उद्या कशाला लागतीय, माहीत आहे तुला?"

"कशाला?"

"मला निपाणीला न्यायला! उद्या माझी सुपारी फोडणार आहेत. वीटभट्टीवाल्यांच्या पोराशी!"

तो गपकन थांबला. वरून तेलाचा एक थेंब त्याच्या कपाळावर पडला, तो त्यानं पुसलासुद्धा नाही.

"हे तू आत्ता सांगतेस?"

"मघापासून हातवारे करतेय की!"

"मला वाटलं, माशा हाकलतेस."

असा राग आला मला, आणि असं हसू आलं! चहा अर्धा त्याच्या शर्टावर सांडला. शर्टाचं तसंही काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "आता ऐक. सील वाकडं ठोक. एकच घाव वाकडा मार. तासाभरात गळायला लागेल."

त्यानं हातातलं नवं सील उलटसुलट करून बघितलं. तेलाचं बोट सीलच्या रबरी ओठावरून फिरवलं.

"इंदू, गाडी बिघडली म्हणून उद्याचं टळलं, तर गाडी सुधारली की परत ठरेल. मग काय, दर खेपेला गाडी मोडायची?"

"हो!"

"आणि मी बसवलेलं सील गळलं, तर सर मला मुलगी देतील होय?"

मी त्याला जोरात चिमटा काढला. काय बोलणार? उद्या मला गमावायची वेळ आलेली आणि हा माणूस काम चोख करायला निघालेला. रडू फुटायच्या बेतात होतं. माझ्या मनात आलं, ह्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाशी लग्न करायचंच नाही, मग हा कितीही येडा असो. आणि तेवढ्यात तो म्हणतो कसा, "एक फुलपात्र आण. पितळी. बूड एवढं पाहिजे. आणि वरवंटा."

आणून दिलं. न देऊन सांगते कुणाला? फुलपात्राचं बूड सीलवर अगदी बरोब्बर बसलं. वरवंट्यानं त्यानं हळूहळू, फिरवून फिरवून ठोकलं. ठोका पडला की आप्पा ओट्यावर डोळे मिटायचे. शाफ्ट चढला, बोल्ट आवळले, तेल भरलं. यशवंतनं गाडी सुरू केली आणि आप्पांना शेजारी बसवून थेट नदीच्या पुलापर्यंत नेऊन आणली. मग आप्पांच्या चित्रकलेचा एक पांढराशुभ्र कागद गाडीखाली सरकवला आणि म्हणाला, "आता बघू या."

आम्ही चौघं कागदाभोवती उकिडवे बसलो. मी मनात खंडोबा, महालक्ष्मी, ज्योतिबा सगळ्यांना विनवलं, एक थेंब पाड, एकच! आई पुटपुटत होती. आप्पा तर कागदावर असे नजर लावून बसले होते, की मला वाटलं, नजरेनंच डाग पाडतील. म्हाळूमावशी कुंपणावरून विचारून गेल्या, काय सांडलंय का म्हणून. कागद कोरा तो कोराच.

"झालं!" यशवंत उठला. "थेंब नाही सर."

आप्पा मटकन ओट्यावर बसले. "संपलं. आता जावं लागणार."

"म्हणजे?" आईनं विचारलं.

"तुला कुणी सांगितला होता रे शहाणपणा?" आप्पा यशवंतवर एकदम उखडले. मघाचं 'तुम्ही' पार विरघळून गेलं. "तीन वर्षं गळतीय ही गाडी! तीन वर्षं खाली ताटली ठेवून चालवली मी. दसऱ्याच्या तोंडावर गिअरबॉक्स खोलणारा माणूस काय निपाणीला जायला खोलतो होय? तो बोल्ट मी माझ्या ह्या हातानं गटारात टाकला होता. आणि तू खांद्यापर्यंत हात घालून काढलास!"

यशवंतचं तोंड उघडं ते उघडंच.

"अहो, मग मला सांगायचं नाही का?" आई म्हणाली. "मी पहाटे उठून थंडगार पाण्यानं अंघोळ करून तुमचे पाने पूजेला लावले, ते काय हौस म्हणून?"

"तू? मुद्दाम?"

"मग! आणि ते सील…"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी झाडाकडे बघितलं. आधी आईला हसू फुटलं, मग आप्पांना, मग मला. हसता हसता आप्पांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. एका घरात तीन माणसं एकच गाडी बिघडवायला बसलेली, एकमेकांपासून चोरून! आणि दुरुस्त कुणी केली, तर ज्याचं नशीब फुटणार होतं त्यानंच.

"पण आप्पा, तुम्हाला नको होतं तर मला का नाही सांगितलंत?"

आप्पा डोळे पुसायला लागले. "काय सांगू? आबा गेले तेव्हा मी एवढासा होतो. दादानं वाढवलं, शिकवलं. आजवर त्याला मी कशाला नाही म्हटलं नाही. तोंडच उघडत नाही गं त्याच्यापुढं. म्हटलं, निदान गाडी तरी नाही म्हणेल."

"आणि ह्याचं तुम्हाला कधी कळलं?"

"मला काय डोळे नाहीत? ती म्हैस बरी झाली, व्याली, रेडकू चरायला लागलं, तरी डॉक्टर तपासायला येतोयच."

यशवंत पुढे झाला. तोंडाला काळं, केसांत माती. "सर, मग आता विचारू का?"

"मला विचारून काय उपयोग? उद्या दादाला कोण सांगणार?"

"चला की," तो म्हणाला. "गाडी आहे."

दुसऱ्या दिवशी झेंडूच्या माळा घातलेली आमची पिस्ता रंगाची गाडी निपाणीच्या रस्त्याला लागली. यशवंत चालवत होता, आप्पा शेजारी, आई आणि मी मागे. आप्पांची सारखी तालीम चालली होती. "दादा, मला असं वाटतं की…"

"वाटतं नको," आई मागून म्हणायची.

"दादा, एकंदरीत विचार करता…"

"विचार पण नको."

संकेश्वर आलं तसे ते गप्प झाले. निपाणीच्या वेशीत त्यांनी दोनदा गाडी थांबवायला लावली, दोन्ही वेळेस उगाचच. मला वाटलं, आता हे काकांपुढं उभे राहतील, 'हो दादा' म्हणतील आणि मी काजूवाल्याची होईन.

थोरले काका पडवीत खुर्चीवर बसले होते. भट्टीवाले तासाभरात यायचे होते; सतरंजी अंथरलेली, तबकात सुपारी तयार. आप्पांनी त्यांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं, पायावर डोकं ठेवलं आणि वर उठेचनात.

"दादा, नाही," ते पायांशीच म्हणाले.

"काय नाही?"

"हे लग्न. इंदूचं. ते भट्टीवाले नाहीत. हा." आणि वाकल्या वाकल्याच त्यांनी मागे बोट केलं. यशवंत मात्र दुसऱ्या बाजूला उभा होता. तो टुणकन उडी मारून बोटासमोर आला.

"ऊठ आधी," काका म्हणाले. "वर तोंड करून बोल."

आप्पा उठले. त्यांनी काकांच्या डोळ्यांत बघितलं आणि स्पष्ट म्हणाले, "नाही, दादा."

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण काका हळूच म्हणाले, "शिवा, तुला मुंबईला जाऊन चित्रं शिकायची होती. मी म्हटलं, इथंच मास्तर हो. तू हो म्हणालास."

"हो."

"तुझं मन नव्हतं?"

"नाही."

"शेत मी माझ्याकडं ठेवलं तेव्हा?"

"नाही."

"अरे, मग बोलायचं होतंस की रे!" काकांचा आवाज चिरकला. "मी दरवेळी तुला विचारलं. हुकूम कधी केला मी? मला वाटायचं, आपला धाकटा किती समाधानी आहे. सगळीकडं सांगत सुटलो मी!"

काकांनी आप्पांचा हात धरला आणि ते आपट्याचं पान परत त्यांच्याच मुठीत कोंबलं. थोड्या वेळानं खाकरून, यशवंतकडे बघून त्यांनी विचारलं, "काय करता तुम्ही?"

"गुरांचा डॉक्टर आहे."

"हं. आमच्या बैलाचा खांदा सुजलाय. बघून जा." मग परत आप्पांकडे वळले. "आणि आता त्या पाहुण्यांना कोण सांगणार?"

"मी सांगतो," आप्पा म्हणाले.

आणि सांगितलं! पाहुणे आले, सतरंजीवर बसले, आमच्या आप्पांनी हात जोडून सरळ सांगितलं, माफ करा, मुलगी तुमच्या घरी देत नाही, चूक माझी आहे, आधीच बोलायला हवं होतं. भट्टीवाले तडतडले, उठून गेले. काका शेजारी उभे राहिले आणि त्यांनी धाकट्या भावाच्या पाठीवर हात ठेवला, तो पाहुण्यांची जीप जाईपर्यंत काढला नाही.

परतताना गाडीत आप्पांच्या अंगात वारं शिरलं होतं. आईनं विचारलं, चहाला थांबायचं का? "नाही!" यशवंतनं विचारलं, काच खाली करू का? "नाही!" मी म्हटलं, आप्पा, उन्हात बसलाय, टोपी घाला. "नाही, नाही, नाही!" आणि असे खदाखदा हसले, की रस्त्याकडेच्या उसातला माणूस वळून बघायला लागला. त्यांनी यशवंतच्या पुढून हात घालून हॉर्न दाबला, परत दाबला, समोर काळं कुत्रंसुद्धा नव्हतं.

संकेश्वरच्या पुढं आल्यावर ते जरा शांत झाले. मागे वळून आईला म्हणाले, "ऐकलंस का गं? दादाला मी नाही म्हणालो."

"ऐकलं," आई म्हणाली.

"तोंडावर म्हणालो."

"हो. मी तिथंच होते."

पुढं थोडा वेळ गेला की परत वळायचे. "तू नीट ऐकलंस ना?" घर येईपर्यंत ते विचारत होते, आणि दरवेळी आई पदरानं डोळे पुसत सांगत होती, "ऐकलं हो, ऐकलं."